कॅम्पसची खबर कुणाकडून घ्यायची?

आपली मुलं ज्या कॉलेजांत आणि विद्यापीठांत शिकायला जातात, तिथली बातमी आपल्या घरात तीनच प्रसंगी येते. मारामारी झाली, कुणी जिवाचं बरंवाईट केलं किंवा पोलीस आत शिरले. मधल्या तीनशे दिवसांत तिथे काय चालतं हे आपल्याला कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. फोनवर विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. जेवलीस का, नमाज होते का, पैसे पुरतात का, परीक्षा कधी. उत्तरंही ठरलेली. मग एके दिवशी टीव्हीवर त्या विद्यापीठाचं फाटक दिसतं, खाली लाल पट्टीवर मोठ्या अक्षरांत काहीतरी पळत असतं, आणि मोहल्ल्यातला प्रत्येक माणूस त्या विद्यापीठाचा जाणकार होतो.

मी सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. बी.एड. करून या पेशात आले त्याला वीस वर्षं झाली. माझ्या वर्गातून गेलेल्या मुली आज पुण्यात, औरंगाबादेत, हैदराबादेत, दिल्लीत शिकतात. त्यांच्यामुळेच मला एक सवय लागली. विद्यार्थ्यांनी चालवलेली वर्तमानपत्रं मोबाइलवर वाचायची आणि विद्यापीठांची रेडिओ केंद्रं इंटरनेटवरून ऐकायची. संध्याकाळी भाकऱ्या थापताना ओट्यावर फोन ठेवलेला असतो आणि त्यातून कुठल्यातरी लांबच्या गावची एकोणीस-वीस वर्षांची पोरं बोलत असतात. घरचे हसतात. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी तर विचारलं, ‘अहो मॅडम, आपल्या कॉलेजांचं आपल्याला काही कळेना आणि तुम्ही अमेरिकेतल्या कॉलेजांचं काय ऐकता?’ प्रश्न अगदी बरोबर होता. आपल्या कॉलेजांचं आपल्याला कळत नाही, त्याचं कारणच मला या लेखात सांगायचं आहे.

पण आधी अमेरिकेचं सांगते, कारण फरक तिथेच दिसतो.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ‘डब्ल्यूकेसीआर’ नावाचं विद्यार्थ्यांचं रेडिओ केंद्र आहे, 89.9 एफएम. 1941 पासून ते चालू आहे. एफएम प्रक्षेपणाचं तंत्र ज्यांनी शोधलं ते एडविन आर्मस्ट्राँग याच विद्यापीठात प्राध्यापक होते. एरवी या केंद्राची ओळख जॅझ संगीतासाठी. चार्ली पार्कर या सॅक्सोफोनवादकाला वाहिलेला त्यांचा कार्यक्रम कित्येक दशकं चालला. मला जॅझमधलं काही कळत नाही. आमच्या घरी कव्वालीच्या पुढे गाडी गेली नाही.

एप्रिल 2024 मध्ये गाझातल्या युद्धाविरोधात कोलंबियाच्या विद्यार्थ्यांनी हिरवळीवर तंबू ठोकले. इस्रायलशी संबंध असलेल्या कंपन्यांतून विद्यापीठाने आपली गुंतवणूक काढून घ्यावी, ही त्यांची मागणी. 30 एप्रिलला मध्यरात्रीनंतर काही जणांनी हॅमिल्टन हॉल ही इमारत ताब्यात घेतली आणि गाझात मारल्या गेलेल्या हिंद रजब या चिमुरडीचं नाव तिला दिलं. त्याच दिवशी रात्री न्यूयॉर्कचे पोलीस आत आले आणि शंभरच्या आसपास लोकांना पकडून नेलं. तिथे रात्रीचे नऊ-साडेनऊ म्हणजे आपल्याकडे 1 मेची सकाळ. मला शाळेत झेंडावंदनाला जायचं होतं. निघण्याआधी मी त्यांचं संकेतस्थळ उघडायला गेले तर नुसतं चक्र फिरत राहिलं. जगभरातून इतके लोक एकाच वेळी ऐकायला आले होते की ते संकेतस्थळच कोसळलं. एफएमवर मात्र मुलं बोलत होती.

त्या रात्रीचे तुकडे मी नंतर ऐकले. बातमीदारीचं शिक्षण मला नाही, पण भाषेची शिक्षिका म्हणून एक गोष्ट कानाला जाणवली. ती मुलं ‘मला दिसतंय’ आणि ‘मला सांगितलं गेलंय’ या दोन वाक्यांत फरक करत होती. कुठलं फाटक, कुठला जिना, कुठला रस्ता, हे त्यांना पाठ होतं, कारण रोज वर्गाला जायची तीच वाट. त्या परिसरात बाहेरच्या पत्रकारांना फारसं येऊच दिलं नव्हतं, आणि जे विद्यार्थी वार्ताहर आत होते त्यांनाही हॅमिल्टन हॉलजवळून हटवण्यात आलं. तरीही त्या रात्री आत काय घडलं, हे जगाला मुख्यतः या पोरांनी सांगितलं. मोठ्या वाहिन्यांकडे हेलिकॉप्टरमधून घेतलेली चित्रं होती. जिन्यावर उभा असलेला माणूस नव्हता. दोनच दिवसांनी पुलित्झर पुरस्कार मंडळाने निवेदन काढून विद्यार्थी पत्रकारांच्या कामाची दखल घेतली. हे पुरस्कार कोलंबिया विद्यापीठातूनच दिले जातात, म्हणजे घरच्याच वडीलधाऱ्यांनी पोरांच्या पाठीवर हात ठेवला.

योगायोग असा की 1968 साली याच तारखेला, याच इमारतीतून पोलिसांनी विद्यार्थ्यांना बाहेर काढलं होतं. तेव्हा विषय व्हिएतनाम युद्धाचा आणि शेजारच्या हार्लेम वस्तीच्या बागेत बांधायच्या व्यायामशाळेचा होता. तेव्हाही हे केंद्र बोलत होतं. छप्पन्न वर्षांनी नव्या मुलांच्या हातात तोच माइक आला, आणि तो कसा धरायचा हे त्यांना केंद्राच्या परंपरेने शिकवलं होतं. आपल्याकडे दर पाच वर्षांनी सगळं शून्यापासून सुरू होतं ते याचसाठी, की ठेवून घ्यायला काही संस्थाच नसते.

आणखी एक गोष्ट. त्या दिवसांत आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर कोलंबियाच्या भरपूर चित्रफिती फिरत होत्या. त्या सगळ्या एकाच बाजूच्या होत्या. ‘कोलंबिया डेली स्पेक्टेटर’ हे तिथलं विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र, 1877 पासूनचं. त्यात मला दोन गोष्टी वाचायला मिळाल्या ज्या कुठल्याही गटावर आल्या नाहीत. काही ज्यू विद्यार्थी सांगत होते की कॅम्पसवर त्यांना असुरक्षित वाटतं. आणि दुसरीकडे तंबूंमध्ये आंदोलकांबरोबर बसलेले ज्यू विद्यार्थीही होते, त्यांनी वल्हांडण सणाचं भोजन तिथेच हिरवळीवर केलं. पहिली गोष्ट आपल्याला ऐकायची नसते, दुसरी टीव्हीला दाखवायची नसते. एकाच वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना दोन्ही दिसतात, कारण ती दोन्ही माणसं त्यांच्याच मेसमध्ये जेवतात. मी विद्यार्थ्यांची वर्तमानपत्रं वाचते ती एवढ्याचसाठी. माझ्या मतांना टाळ्या मिळाव्यात म्हणून मी ती उघडत नाही.

आता घरी येऊ.

15 डिसेंबर 2019, रविवार. नागरिकत्व कायद्यातील दुरुस्तीविरोधात दिल्लीत आंदोलन सुरू होतं. संध्याकाळी पोलीस जामिया मिल्लिया इस्लामियाच्या आवारात आणि ग्रंथालयात शिरले. आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी तेव्हा तिथे शिकत होती. वडील यंत्रमाग कारखान्यात कामाला, घरातली पहिली पदवीधर हीच. त्या रात्री तिच्या घरात वीस-पंचवीस माणसं जमली होती. टीव्ही सुरू होता. एका वाहिनीवर जळणारी बस, दुसऱ्या वाहिनीवर तीच बस, तिसऱ्या वाहिनीवर कुणीतरी हात नाचवत विचारत होतं की ही मुलं शिकायला जातात की कशाला. मुलीचा फोन लागत नव्हता. आई जानमाजवर बसून होती.

रात्री अकराच्या सुमाराला तिचा आवाजी संदेश आला, दीड-दोन मिनिटांचा. ती सांगत होती की ती वसतिगृहाच्या खोलीत आहे, सोबत अमुक-अमुक मुली आहेत, धुराने डोळे झोंबतायत, ग्रंथालयात तिची खोलीसोबतीण होती आणि ती परत आली आहे, खालच्या मजल्यावर वॉर्डनबाई आहेत, पाणी आहे, फोनची बॅटरी संपत आली आहे. ‘अब्बा, टीव्ही बंद कीजिए.’ एवढं बोलून संदेश संपला. घरातल्या प्रत्येकाने तो संदेश तीन-तीनदा ऐकला. टीव्ही खरंच बंद केला गेला. त्या खोलीत त्या रात्री जो काही कॅम्पस रेडिओ होता तो हाच.

ग्रंथालयातल्या कॅमेऱ्यात टिपलेली दृश्यं लोकांसमोर आली ती थेट फेब्रुवारी 2020 मध्ये, दोन महिन्यांनी. तोवर ज्याने-त्याने आपापली कहाणी पक्की केली होती. आमच्या मोहल्ल्यातही केली. ती मुलगी परत गेली, तिचं शिक्षण पूर्ण झालं, आज नोकरीला आहे. पण तिच्या धाकट्या बहिणीला बाहेर पाठवलं नाही. तिला मोठीपेक्षा जास्त मार्क होते. मी दोनदा घरी जाऊन बसले, चहा प्यायले, बोलले. वडील सज्जन माणूस, त्यांनी हात जोडून सांगितलं, ‘बाजी, आपने भी तो टीव्ही पे देखा ना.’ त्यांच्याकडे पुरावा म्हणून टीव्ही होता. माझ्याकडे त्याच्या तोडीचं काय होतं? दीड मिनिटाचा एक आवाजी संदेश, तोही एका घरापुरता.

जामियाच्या आवारात स्वतःचं रेडिओ केंद्र आहे, 90.4 एफएम. जनसंज्ञापन शिकवणारी देशातली एक नावाजलेली संस्था त्याच आवारात आहे. म्हणजे बोलायला शिकलेली मुलं होती, यंत्र होतं, लहर होती. पण परवान्याच्या अटीनुसार त्या केंद्राला बातमी देताच येत नव्हती. त्या रात्री नाही, आजही नाही. अट एकट्या जामियाला नाही, देशातल्या प्रत्येक कॅम्पस रेडिओला आहे.

हा कायदा जरा समजून घेण्यासारखा आहे, कारण त्याची सुरुवात एका मराठी माणसाच्या निकालाने झाली. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या एका खटल्यात निकाल दिला की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. तो निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पुढे 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना स्वतःचं रेडिओ केंद्र काढायला मुभा मिळाली. 1 फेब्रुवारी 2004 रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातलं पहिलं असं केंद्र सुरू झालं. 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडलं. आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ 107.4 वर आहे, मुंबई विद्यापीठाचा ‘मस्ट रेडिओ’ 107.8 वर. साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आहे, ती गावातली माणसं चालवतात. ही केंद्रं चांगली कामं करतात. आरोग्य, शेती, स्पर्धा परीक्षा, लोकगीतं, मुलाखती. मी ऐकते, वर्गातही ऐकवते.

पण जनतेच्या मालकीच्या त्या लहरीवर जनतेने बातमी द्यायची नाही, अशी अट नियमावलीत सुरुवातीपासून आहे. बातम्या आणि चालू घडामोडी वर्ज्य. फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावा. परीक्षा, निकाल, प्रवेश, हवामान, वाहतूक, पाणी-वीज यांची माहिती द्यायला हरकत नाही, कारण ती ‘बातमी’ धरली जात नाही. म्हणजे कॅम्पस रेडिओवर निकालाची तारीख सांगता येते, निकाल चार महिने का लांबला हे सांगता येत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा हे सांगता येतं, गेल्या वर्षीची शिष्यवृत्ती अजून का आली नाही हे विचारलं की ती चालू घडामोड झाली.

त्या केंद्राची ताकद ती केवढी? पन्नास-शंभर वॅट. आपल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी. दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे आवाज जात नाही. देशात शेकडो बातमी वाहिन्या चोवीस तास ओरडतात, फोन हातात असलेला कुणीही यूट्यूबवर ‘ब्रेकिंग’ म्हणून बसू शकतो, आणि धोका कुणापासून तर बल्बाएवढ्या रेडिओपासून! 2013 साली ‘कॉमन कॉज’ या संस्थेने ही बंदी सर्वोच्च न्यायालयात आव्हान म्हणून नेली. नंतर 2024 मध्ये सरकारने सामुदायिक रेडिओच्या नियमावलीत बदल केले. जाहिरातीची वेळ तासाला 7 मिनिटांवरून 12 मिनिटांवर नेली. पैशाची अडचण असलेल्या केंद्रांना त्याचा उपयोग आहे, मी नाकारत नाही. पण जाहिरात वाढली आणि बातमी तिथेच राहिली.

कुणी म्हणेल, आता रेडिओ कशाला, मुलं इन्स्टाग्रामवर टाकतातच की. टाकतात. पण इन्स्टाग्रामवर टाकणारी मुलगी एकटी असते. तिच्या मागे संपादक नसतो, ‘हे तू स्वतः पाहिलंस का’ असं विचारणारी वरच्या वर्गातली ताई नसते, चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची पद्धत नसते, आणि उद्या पोलिसांची नोटीस आली तर ती तिच्या एकटीच्या नावावर येते. आपल्या मुलींच्या बाबतीत तर नोटिशीच्याही आधी घरातला फोन येतो, ‘वो फोटो हटाओ.’ संस्थेचं वर्तमानपत्र किंवा रेडिओ असला की त्या बातमीला छप्पर मिळतं.

हे सगळं वाचून अमेरिका म्हणजे जन्नत असं कुणाला वाटलं असेल तर पुढचंही ऐका. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या टफ्ट्स विद्यापीठात रुमेसा ओझतुर्क ही तुर्कस्तानची मुलगी पीएच.डी. करत होती. मार्च 2024 मध्ये तिने आणखी काही विद्यार्थ्यांबरोबर ‘टफ्ट्स डेली’ या विद्यार्थी वर्तमानपत्रात एक लेख लिहिला. विद्यार्थी सभेने गाझाबद्दल केलेले ठराव विद्यापीठाने गंभीरपणे घ्यावेत, असा त्याचा आशय. बरोबर एका वर्षाने, 25 मार्च 2025 रोजी, ती रमजानमध्ये इफ्तारसाठी निघाली असताना साध्या वेशातल्या सरकारी माणसांनी तिला रस्त्यात पकडलं. तिला हजारो किलोमीटर दूर लुइझियानाच्या कोठडीत ठेवलं. 9 मे रोजी न्यायालयाने सोडलं. तिच्या अटकेनंतर अनेक विद्यार्थी वर्तमानपत्रांकडे परदेशी मुलांच्या विनंत्या येऊ लागल्या, आमचं जुन्या लेखावरचं नाव काढा. विचार करा, एकवीस-बावीस वर्षांचा संपादक, आणि त्याच्यासमोर हा प्रश्न. नाव काढलं तर वर्तमानपत्राची नोंद खोटी होते, ठेवलं तर कुणाचातरी संसार उद्ध्वस्त होतो. ‘स्टॅनफर्ड डेली’ या वर्तमानपत्राने ऑगस्ट 2025 मध्ये थेट सरकारविरुद्ध दावा दाखल केला.

ऑक्टोबर 2025 मध्ये इंडियाना विद्यापीठात जे झालं ते तर मला फारच ओळखीचं वाटलं. माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक मेळावा जवळ आला होता. विद्यापीठाने ‘इंडियाना डेली स्टुडंट’ला सांगितलं की छापील अंकात बातम्या नकोत, फक्त मेळाव्याची माहिती द्या. सल्लागार जिम रोडनबुश यांनी ते मुलांवर लादायला नकार दिला, त्यांना नोकरीवरून काढलं आणि छापील अंकच बंद केला. तेव्हा प्रतिस्पर्धी पर्ड्यू विद्यापीठाच्या विद्यार्थी वर्तमानपत्राने विशेष अंक छापला आणि त्यांची पोरं गाडीत गठ्ठे टाकून, दोन तासांचा रस्ता कापून, इंडियानाच्या आवारात तो वाटून आली. टीका वाढल्यावर काही आठवड्यांत विद्यापीठाने छपाईला पुन्हा होकार दिला.

‘बातम्या नकोत, मेळाव्याची माहिती द्या.’ आपल्या कॉलेजांचा वार्षिकांक आठवा. आधी संस्थाचालकांचा फोटो, मग प्राचार्यांचा, मग स्नेहसंमेलनाचा अहवाल, मग चार कविता. कॉलेजात वर्षभर काय घडलं याचा त्यात मागमूस नसतो. तिथे इंडियाना विद्यापीठाला सांगावं लागलं. इथे आपण न सांगताच शिकलेलो असतो.

आणि हे आपण फार लवकर शिकतो. नववी-दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात ‘बातमी लेखन’ हा प्रश्न असतो. मी वर्षानुवर्षं ते पेपर तपासते. वृक्षारोपण असो, विज्ञान प्रदर्शन असो की ग्रंथदिंडी, शेवट एकच: ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला.’ मुलांचा दोष नाही, आम्हीच तसं शिकवतो, त्यालाच मार्क असतात. दोन वर्षांपूर्वी मी नववीच्या मुलींना सांगितलं की या आठवड्यात आपल्या शाळेत खरोखर घडलेली एक बातमी लिहा, आणि ‘उत्साहात’ हा शब्द वापरायचा नाही. पहिली दहा मिनिटं शांतता. मग एका मुलीने लिहिलं की मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं आणि किल्ली ऑफिसात असते. ऑफिसात पुरुष क्लार्क बसतात, त्यामुळे मुली किल्ली मागत नाहीत, दिवसभर पाणी पीत नाहीत. सात ओळींची बातमी. किती मुलींना विचारलं तेही तिने लिहिलं होतं. ती बातमी सूचनाफलकावर लागली नाही, कारण त्यासाठी वरची परवानगी लागते आणि ती मिळाली नाही. पण किल्ली आता वर्गात असते.

उर्दूच्या तासाला मी मुलींना सांगते की अखबार हा शब्द मुळात खबर या शब्दाचं अनेकवचन आहे. पेशवाईतही दरबाराला येणाऱ्या बातमीपत्रांना अखबारच म्हणत. मराठीतली ‘बखर’ ही ‘खबर’चीच अक्षरं उलटून झाली, असं काही अभ्यासक मानतात. मुलींना हे फार आवडतं. आणि जामियाची गोष्ट सांगते. 1920 साली अलीगढच्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना घेऊन जी संस्था उभी राहिली तीच जामिया, दिल्लीला ती नंतर गेली. तिच्या संस्थापकांत मौलाना मोहम्मद अली जौहर होते, आणि ते पेशाने संपादक. 1911 मध्ये कलकत्त्यात त्यांनी ‘कॉम्रेड’ हे इंग्रजी साप्ताहिक काढलं, पुढे दिल्लीत ‘हमदर्द’ हे उर्दू दैनिक. तुर्कांच्या बाजूने लिहिलेल्या एका लेखावरून 1914 मध्ये ब्रिटिश सरकारने ‘कॉम्रेड’ची अनामत रक्कम जप्त केली आणि तो अंक बंद पडला. संपादकाने उभारलेल्या विद्यापीठाच्या रेडिओला आज बातमी द्यायची परवानगी नाही, हे जौहरसाहेबांना कोणी सांगावं?

पालकांसाठी दोन शब्द. ज्या शहरात मुलगी शिकते तिथल्या विद्यापीठाचं रेडिओ केंद्र असेल तर ते महिनाभर ऐका. बातम्या नसल्या तरी तिथली भाषा कळते, कार्यक्रम कळतात, कुठली मुलं काय बोलतात हे कळतं. मुलांनी स्वतः चालवलेलं एखादं पत्र किंवा पान असेल तर त्याचा पत्ता मुलीकडून मागून घ्या, आणि त्यात तुम्हाला न पटणारं काही दिसलं तर लगेच तिला फोन करू नका. आणि घरात कुणी म्हणालं की ‘त्या कॉलेजात असं झालं’, तर विचारा, हे कुणी पाहिलं? तो माणूस तिथे होता का? त्याचं नाव काय? आपल्या हदीसच्या परंपरेला हा प्रश्न नवा नाही. कुणी कुणाकडून ऐकलं याची साखळी तपासल्याशिवाय आपल्या बुजुर्गांनी रिवायत मान्य केली नाही. व्हॉट्सअॅपच्या बाबतीतच आपण इतके उदार कसे झालो?

मुलगी म्हणाली की मी कॉलेजच्या रेडिओवर जाते, तर नाही म्हणू नका. आवाजाचा पर्दा वगैरे वाद मला माहीत आहेत, मी त्यात पडत नाही. एवढंच सांगते की आपल्या मुलींबद्दल रोज रात्री नऊ वाजता टीव्हीवर जे बोलतात, त्यांतल्या एकानेही आपल्याला विचारून तोंड उघडलेलं नाही.

शाळेत यंदा आम्ही भित्तिपत्रक काढतोय, दर पंधरा दिवसांनी, एक पान मराठी, एक पान उर्दू. परवानगी मागताना मी अर्जात ‘बातमी’ हा शब्द लिहिला नाही, ‘भाषिक उपक्रम’ लिहिलं. मंजूर झाला. संपादक मंडळात पाच मुली आहेत, त्यांतली एक किल्लीवाली. नावासाठी दोन सूचना आल्या आहेत, ‘खबर’ आणि ‘बखर’, आणि दोन्ही बाजूंनी जोरदार प्रचार सुरू आहे. शनिवारी मतदान आहे.